परंपरा हवी, पडछाया नको

अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी श्रीरामलल्लांची प्राणप्रतिष्ठा झाली. या मंदिरासाठी तीन शिल्पकारांनी तीन स्वतंत्र मूर्ती घडविल्या होत्या. त्यांतून म्हैसूरचे शिल्पकार अरुण योगिराज यांची मूर्ती गर्भगृहासाठी निवडण्यात आली. तिघांपुढे विषय एकच होता : प्रभू रामचंद्रांचे पाच वर्षांचे बालरूप. तिघांनाही शिल्पशास्त्राची बंधने सारखीच होती. तरीही तीन हातांतून तीन निराळे चेहरे प्रकटले. निवडलेल्या ५१ इंची श्यामवर्ण मूर्तीच्या प्रभावळीत दशावतार आहेत, हाती धनुष्यबाण आहे. यांपैकी काहीही शिल्पकाराच्या लहरीतून आलेले नाही. पण त्या नेत्रांतील वात्सल्य आणि ओठांच्या कडेला उमटलेले बालसुलभ स्मित कोणत्याही शास्त्रग्रंथातून उतरवून घेता आले नसते. नियम सर्वांचे होते. ते स्मित एका कलावंताचे होते.

याच काळात रामावरील गीतांचा महापूर आला. ध्वनिवर्धकांवर, भ्रमणध्वनीवर, शोभायात्रांमध्ये शेकडो गीते वाजली. त्यामागील भक्तिभाव खरा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, त्यांतील किती गीते आज आपल्या ओठांवर उरली आहेत, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारून पाहावे. तोच ताल, तीच घोषणावजा धृवपदे, त्याच चार-पाच विशेषणांची उलटापालट. विषय तोच, काळ तोच, श्रद्धाही तीच. मग पाषाणात जे साधले ते शब्दसुरांत का साधले नाही? हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. जो समाज आपली परंपरा अभिमानाने सांगतो, त्या समाजाला ती पुढे कशी न्यायची हे ठाऊक आहे काय, असा हा प्रश्न आहे.

मौलिकतेचे उसने माप

आपल्याकडील समीक्षेत गेली कित्येक दशके एक माप वापरले जात आहे. कलावंताने काय मोडले, कोणाला धक्का दिला, कोणती चौकट नाकारली, यावरून त्याची थोरवी ठरते. जे ओळखीचे ते शिळे आणि जे अनोळखी ते श्रेष्ठ, असे हे समीकरण आहे. या मापाने पाहिले तर वारकरी कीर्तनकार, पोवाडे गाणारा शाहीर, देवळाचा कळस घडविणारा पाथरवट हे सारे ‘कारागीर’ ठरतात आणि ‘कलावंत’ ही पदवी परंपरेशी फारकत घेणाऱ्यांसाठीच राखून ठेवली जाते.

हे माप सनातन नाही, सार्वत्रिकही नाही. युरोपातही ते अलीकडचे आहे. एडवर्ड यंग या इंग्रज कवीने १७५९ साली मौलिक रचनेविषयी एक निबंध लिहिला आणि अनुकरणापेक्षा स्वयंभू निर्मितीला वरचे स्थान दिले. पुढे तेथील स्वच्छंदतावादी कवींच्या काळात ही कल्पना दृढ झाली. त्यापूर्वी दीडशे वर्षे होऊन गेलेल्या शेक्सपिअरने आपल्या बहुतेक नाटकांची कथानके जुन्या बखरींतून, कथासंग्रहांतून आणि इतरांच्या नाटकांतून घेतली होती. त्यामुळे त्याची थोरवी कमी झाली नाही. टी. एस. एलियट या आधुनिक कवीने तर १९१९ साली परंपरा आणि व्यक्तिगत प्रतिभा यांच्या नात्यावर निबंध लिहून बजावले की परंपरा आयती वारशाने मिळत नाही, ती कष्टाने मिळवावी लागते. पश्चिमेने स्वतःच तपासून पाहिलेले आणि अंशतः बाजूला ठेवलेले माप आपण मात्र अजून शिरोधार्य मानतो. याला बौद्धिक परावलंबन म्हणावे लागेल.

आपल्या कालिदासाचे उदाहरण पाहावे. शकुंतलेची कथा त्याने महाभारतातून घेतली. परंतु महाभारतातील दुष्यंत तिला जाणूनबुजून न ओळखल्यासारखे करतो. तेथे अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही. या दोन गोष्टी कालिदासाने घातल्या आणि एका राजाच्या अप्रामाणिकपणाची कथा स्मृती, विस्मृती आणि पश्चात्ताप यांची कथा झाली. तेच नाटक अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ म्हणून रंगभूमीवर आणले आणि त्यातून मराठी संगीत नाटकाचे एक युग उभे राहिले. एकाच कथेतून दोनदा नवी सृष्टी निर्माण झाली. कथा मात्र कोणीच ‘शोधून काढली’ नव्हती.

आधुनिकांतही हेच दिसते. मराठी नवकवितेचे प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या बा. सी. मर्ढेकरांनी यंत्रयुगातील महानगरी माणसाची व्यथा मांडताना हाती घेतले ते अभंग आणि ओवी हे छंद. आशय इतका नवा होता की तो पेलण्यासाठी त्यांना संतांनी घडविलेलीच पात्रे विश्वासाची वाटली असावीत. परंपरा नाकारूनच नवता येते, हा सिद्धान्त त्यांच्या कवितेपुढे टिकत नाही.

आनंदवर्धनाची कसोटी

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वसूरींनी केलाच नव्हता, असे समजण्याचे कारण नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात तो थेट हाताळला आहे. कवी इतके होऊन गेले, विषय तेच; मग नवे काही उरले आहे काय? त्याचे उत्तर असे की, जुना अर्थही रसाचा स्पर्श होताच नवा भासतो, वसंतात तीच झाडे नवी दिसावीत त्याप्रमाणे. झाड बदलत नाही, जमीन बदलत नाही. पण पालवी गतवर्षीची नसते.

यापुढे जाऊन त्याने दोन रचनांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले. पहिले साम्य आरशातील प्रतिबिंबासारखे : त्याला स्वतःचा प्राण नसतो. दुसरे चित्रासारखे : रंगरेषा निराळ्या, परंतु प्राण नाममात्र. तिसरे दोन माणसांमधील साम्यासारखे : अवयव सारखे, चेहरेपट्टीही मिळतीजुळती, पण प्रत्येकाचा आत्मा स्वतंत्र. पहिली दोन साम्ये कवीने टाळावीत, तिसऱ्याला भिण्याचे कारण नाही, असा त्याचा निर्णय आहे. अकराशे वर्षांपूर्वीची ही कसोटी आजच्या कोणत्याही समीक्षेला लाजवील इतकी स्वच्छ आहे. सारखेपणा हा दोष नाही. आत्म्याचा अभाव हा दोष आहे.

महाराष्ट्राशी ज्याच्या घराण्याचे नाते होते त्या राजशेखराने पुढच्या शतकात ‘काव्यमीमांसे’त दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्याच्या प्रकारांचे सविस्तर वर्गीकरण केले. उसनवारी कोणती क्षम्य आणि कोणती निंद्य, याची चर्चा आपल्या परंपरेने इतक्या बारकाईने केली होती. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी तर प्रतिभेची व्याख्याच नित्य नव्या उन्मेषांशी जोडली. तेव्हा नवतेचा आग्रह हा परकीय आहे, अशी समजूत जर आपल्यापैकी कोणी करून घेतली असेल, तर तीही तितकीच चुकीची आहे. नवता आपल्याला हवीच होती; ती फक्त मुळांवर घाव घालून मिळते, असे आपण कधी मानले नाही.

रामकथेची मराठी वाट

ही कसोटी कशी चालते ते मराठीतील रामकथेवरून पाहता येईल. कथा सर्वांना पाठ असल्यामुळे येथे कथानकाच्या नावीन्याला जागाच नाही. जे काही नवे येईल ते कवीच्या दृष्टीतूनच येईल.

मराठी काव्याचा पायाच मुळी ओळखीच्या रूपावर घातला गेला आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. उखळाजवळची ती ओवी ज्ञानदेवांनी १२९० साली गीतेच्या तत्त्वज्ञानासाठी वापरली. ग्रंथ जुना आणि छंदही जुना असताना त्यांच्या भेटीतून जे निर्माण झाले ते पूर्वी कोठेही नव्हते.

पैठणच्या एकनाथ महाराजांच्या ठायी तर जतन आणि निर्मिती या दोन्ही वृत्ती एकत्र नांदताना दिसतात. शके १५०६ म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात शिरलेले अपपाठ दूर केले आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये, असे निक्षून सांगितले. जेथे जतन करायचे तेथे त्यांनी अक्षराचाही ढळ सोसला नाही. मात्र याच नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, पिंगळा अशा लोकपरंपरेतील सोंगांच्या मुखातून अध्यात्म वदविणारी भारुडे रचली. रामकथा सांगताना त्यांनी वाल्मीकींचे केवळ भाषांतर केले नाही. आपल्या काळाला बोध होईल असा तिचा ‘भावार्थ’ उलगडला. तो ग्रंथ युद्धकांडात अपुरा राहिला तेव्हा शिष्य गावबा यांनी तो पूर्णत्वास नेला. गुरूचा ग्रंथ जपणे, गुरूची रीत आत्मसात करणे आणि त्या रीतीने नवे बोलणे, ही तीन वेगळी कामे आहेत. नाथांनी ती वेगळी ओळखली. आपण ती एकमेकांत मिसळतो.

नाथांनंतर श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ घराघरांत पोथीरूपाने वाचला गेला. अठराव्या शतकात बारामतीच्या मोरोपंतांनी तर १०८ रामायणे रचल्याची ख्याती आहे. त्यांत ओठांनी उच्चारावी लागणारी अक्षरे पूर्णपणे टाळून रचलेले ‘निरोष्ठ रामायण’ही आहे. केवढे हे भाषाप्रभुत्व! पंतांच्या या सामर्थ्याला वंदनच केले पाहिजे. पण कीर्तनकारांच्या आणि सामान्य मराठी माणसाच्या जिभेवर अधिक रुळली ती त्यांची ‘केकावली’. मोराने मेघाला आर्त साद घालावी तशी एका वृद्ध भक्ताने देवाला घातलेली ती हाक आहे. रचनेची युक्ती कितीही नवी असली तरी ती थक्क करते आणि तेथेच थांबते. हाक मात्र मनात राहते. निव्वळ नवेपणाच्या मागे लागणाऱ्यांनी पंतांच्या या दोन बाजू शेजारी ठेवून पाहाव्यात.

आणि मग गीतरामायण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. दर आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालून ५६ गीते झाली. सुधीर फडके हे संघाचे स्वयंसेवक. १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला होता आणि पुढच्याच वर्षी हे काम हाती घेतले.

या रचनेतील नवे काय, हे नीट पाहिले पाहिजे. कथाक्रम वाल्मीकींचा. चाली बहुतांशी परिचित रागांच्या अंगाने जाणाऱ्या. शब्दकळा कीर्तन, ओवी, अभंग, लोकगीत यांतून झिरपलेली. आटपाडी परिसरातील शेटफळ्यात जन्मलेल्या माडगूळकरांनी ही सारी रूपे लहानपणापासून ऐकलेली होती. नवे होते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे कथा सांगणारा कवी बाजूला झाला आणि प्रत्येक पात्र आपल्या क्षणी, आपल्या मुखाने गाऊ लागले. कौसल्येची पुत्रकामना, निषादराजाची निष्ठा, त्यागानंतरचा सीतेचा प्रश्न, हे सर्व ज्याचे त्याने सांगितले. दुसरे म्हणजे साधन. आकाशवाणी ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती. पुणे केंद्र सुरू होऊन जेमतेम दीड-दोन वर्षे झाली होती. यंत्र नवे, ऐकण्याची रीत नवी. पण सकाळी रेडिओभोवती जमलेल्या कुटुंबाला जे मिळाले ते देवळातील कीर्तनाचेच सुख होते. आनंदवर्धनाच्या भाषेत सांगायचे तर येथे साम्य प्रतिबिंबाचे नाही, चित्राचेही नाही. वाल्मीकींचे रामायण आणि गीतरामायण ही एकाच कुळातील दोन जिवंत माणसे आहेत.

अनुकरण ही पहिली पायरी

येथे एक आक्षेप संभवतो. परंपरेत वाढणारा विद्यार्थी आरंभी अनुकरणच करतो; मग अनुकरणाला दोष का द्यावा? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर कुमार गंधर्वांच्या जीवनात आहे.

बेळगावजवळ १९२४ साली जन्मलेला हा मुलगा थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत असे. बालवयातच त्याने देशभरातील जाणकारांना थक्क केले. तो तेथेच थांबला असता तर अद्भुत नकलाकार म्हणून त्याची नोंद झाली असती. पण मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे तो खऱ्या अर्थाने शिकला. तेथे एकाच घराण्याची चाकोरी नव्हती, गाणे समजून घेण्याची शिस्त होती. पुढे क्षयरोगाने कुमारजींना काही वर्षे देवासला अंथरुणावर राहावे लागले आणि गाणे बंद झाले. त्या मौनात त्यांनी माळव्यातील लोकधुना ऐकल्या, टिपून घेतल्या आणि रागांचा उगम धुनांत आहे, या जाणिवेपर्यंत ते पोहोचले. त्यातून मालवती, संजारी, लगनगंधार असे राग सिद्ध झाले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. काही जाणत्यांनी तेव्हा त्यांच्यावर परंपराभंगाचा ठपका ठेवला. वस्तुतः ते परंपरेच्या बाहेर गेले नव्हते, तिच्या तळाशी गेले होते.

बालगंधर्वांच्या पदांवर त्यांनी एक कार्यक्रम केला आणि त्याला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या तीन शब्दांत परंपरेचे सारे शास्त्र आहे. ‘बालगंधर्वांसारखे’ गाणारे पुष्कळ होऊन गेले. उमजून गाणारे थोडे. अनुकरणाने हात तयार होतो, कान तयार होतो. पण उमजणे हा टप्पा आला नाही तर विद्यार्थी जन्मभर पहिल्याच पायरीवर उभा राहतो आणि आपण त्या उभे राहण्यालाच निष्ठा म्हणू लागतो.

भाषेच्या क्षेत्रात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हेच केले. ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’, ‘दिनांक’ हे शब्द आज आपण इतक्या सहजतेने वापरतो की ते कोणी तरी घडविले आहेत, हेही लक्षात येत नाही. घडविताना त्यांनी संस्कृतची शब्दसिद्धीची जुनी रीत अनुसरली. म्हणून शब्द नवे असूनही मराठी कानाला ते परके वाटले नाहीत. त्यांनी सुचविलेला प्रत्येक शब्द रुळला असे नाही. जो लोकांच्या जिभेला मानवला तो टिकला, बाकीचे कोशात राहिले. नवनिर्मितीचा अंतिम न्यायनिवाडा समाजच करतो, हेही यातून शिकण्यासारखे आहे.

आपल्या अंगणात

इतरांच्या मापदंडांवर टीका करणे सोपे आहे. आता थोडे आपल्या अंगणाकडे वळू.

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या वर्तुळात नवे काव्य, नवे नाटक, नवे संगीत किती जन्माला येते? कार्यक्रमपत्रिका पाहिल्या तर तीच दहा गीते, तोच पोवाडा, तेच ऐतिहासिक प्रवेश आढळतात. त्यांचा आदर आहेच. पण ज्यांनी ते प्रथम केले त्यांनी तेव्हा नवे केले होते, हे आपण विसरतो. संस्कार भारतीच्या कार्यकर्त्यांनी लोकप्रिय केलेली, पाचही बोटांनी रेखाटली जाणारी भव्य रांगोळी हे त्याचे बोलके उदाहरण आहे. शंख, स्वस्तिक, गोपद्म ही चिन्हे जुनी, त्यांची मांडणी मात्र नवी. ज्या दिवशी ती प्रथम चौकात उमटली त्या दिवशी ती एक निर्मिती होती. आज अनेक ठिकाणी तिचा ठरावीक नमुना गिरवला जातो. दोष रांगोळीचा नाही, गिरवून थांबणाऱ्या हातांचा आहे.

संघगीतांविषयीही हेच नम्रपणे म्हणावेसे वाटते. शाखेतील संस्कृत प्रार्थना आठ दशकांहून अधिक काळ तीच आहे आणि तीच असावी. प्रार्थना, आरती, मंत्र हे समूहाचे उच्चार आहेत. त्यांत रोज नावीन्य शोधणे हे त्यांचे प्रयोजनच न समजण्यासारखे आहे. पण गीतांची गोष्ट निराळी. गीते पूर्वीपासून नवनवी रचली गेली, ती रचणारे बहुधा आपले नावही लावीत नसत. ही निनावी सर्जनशीलता ही मोठी ठेव आहे. अलीकडच्या अनेक गीतांत मात्र ध्येय, दीप, पथ, चरण या शब्दांची नुसती पुनर्रचना आढळते. गाताना पाय तालावर पडतात, परंतु मन कोठेही थबकत नाही. आपण ते खपवून घेतो, कारण विषय पवित्र असतो. येथेच आपली गल्लत होते. विषयाची पवित्रता रचनेच्या सामान्यपणावर पांघरूण घालण्यासाठी नसते. किंबहुना विषय जितका थोर, तितकी रचनेकडून अपेक्षा अधिक असली पाहिजे. ज्या पाथरवटाने रामलल्लांचे नेत्र कोरले त्याला आपण ‘भाव चांगला आहे, चालेल’ असे म्हटले असते काय?

आज या प्रश्नाला एक नवी धार आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे काही क्षणांत हव्या त्या विषयावर, हव्या त्या शैलीत गीत लिहून देतात, त्याला चालही लावून देतात. प्रतिबिंब आणि चित्र ही दोन कामे आता यंत्राने आपल्याकडून काढून घेतली, असे समजावे. जे केवळ ओळखीचे शब्द जुळवीत होते त्यांची गरज संपली. उरले तिसरे काम, स्वतंत्र आत्म्याचे. ते अनुभवातून, साधनेतून आणि आपल्या माणसांत मुरल्यातून येते. त्याला आडवाट नाही.

यात पणाला लागले आहे ते आपल्या घरांतील मुलांचे भवितव्य. आपल्या कुटुंबांतून लिहिणारी, गाणारी, चित्रे काढणारी मुले निपजत नाहीत असे नाही. पण त्यांतील एखाद्याने वेगळा शब्द वापरला, नवी चाल बांधली की पहिला प्रश्न येतो, ‘हे आपल्यात बसते का?’ वारंवार हा प्रश्न ऐकलेला मुलगा एक तर गप्प होतो किंवा जेथे त्याच्या प्रतिभेला जागा मिळते तेथे निघून जातो. नंतर तो आपल्याविरुद्ध लिहू लागला की कला-साहित्याचे क्षेत्र विरोधकांनी बळकावले, अशी खंत आपण व्यक्त करतो. त्या क्षेत्रातील पक्षपात खरा आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु रिकामी सोडलेली जागा कोणी तरी घेणारच, हेही तितकेच खरे आहे.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. सवय बदलण्याची तयारी हवी.

पहिली गोष्ट पाठांतराची. मनाचे श्लोक, हरिपाठ, निवडक ओव्या मुलांच्या मुखी लहानपणीच रुळल्या पाहिजेत. परंपरा ठाऊक नसलेल्याला ती मोडताही येत नाही आणि पुढेही नेता येत नाही. ज्याच्या कानात ओवीची लय नाही तो मराठीत मुक्तछंदही धड लिहू शकणार नाही.

दुसरी गोष्ट स्पर्धांची. गीतगायन, वक्तृत्व, एकांकिका या आपल्या स्पर्धांत पाठ केलेल्याच्या सादरीकरणाबरोबर स्वरचित रचनेसाठी स्वतंत्र विभाग असावा. गणेशोत्सवात, मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवात भगिनींनी एखादी नवी ओवी करून म्हणावी. जात्यावरची ओवी ज्या अनाम स्त्रियांनी रचली, त्या काही विदुषी म्हणून प्रसिद्ध नव्हत्या. आपल्या दिवसभराच्या कष्टांत, सासर-माहेरात, विठ्ठलात त्यांना जे दिसले ते त्यांनी बोलून दाखविले. आजच्या गृहिणीच्या, नोकरी करणाऱ्या भगिनीच्या दिवसात गाण्यासारखे काही नाही काय?

तिसरी गोष्ट परखड दाद देण्याची. आपला कार्यकर्ता आहे म्हणून त्याची सामान्य कविता छापू नये आणि आपला नाही म्हणून दुसऱ्याची उत्तम कविता नाकारू नये. नवोदिताला स्पष्ट पण आपुलकीने सांगावे : हा शब्द तुझा नाही, हा उसना आहे, ही ओळ मात्र तुझी आहे, हिच्यापासून पुन्हा सुरुवात कर. असे सांगणारे ज्येष्ठ ज्या घरात, ज्या शाखेत, ज्या मंडळात असतील तेथेच पुढची निर्मिती होईल.

आणि शेवटची गोष्ट धीराची. नवे करणारा चुकतो. मोरोपंतांची सर्व रामायणे लोकांच्या मुखी राहिली नाहीत, सावरकरांचे सर्व शब्द रुळले नाहीत. फसलेल्या प्रयत्नाला हसणारा समाज यशस्वी प्रयत्नालाही मुकतो.

संघाने २०२५ साली विजयादशमीला शंभर वर्षे पूर्ण केली; गीतरामायणानेही त्याच वर्षी सत्तरी गाठली. शतकांचे आणि सप्तकांचे सोहळे आपण उत्साहाने करतो. तथापि, पूर्वजांचे खरे स्मरण त्यांच्या रचना पुनःपुन्हा वाजविण्याने पुरे होत नाही. त्यांनी आपल्या वाडवडिलांकडून जे घेतले त्यात भर घालून ते आपल्या हाती दिले. आपण त्यात काय घालून पुढच्या पिढीच्या हाती देणार आहोत, याचे उत्तर भाषणांतून देता येणार नाही. ते कोणाच्या तरी वहीत, कोणाच्या तरी कंठात, कोणाच्या तरी छिन्नीखाली तयार व्हावे लागेल. ती वही आपल्या घरात उघडलेली असेल, तर तिच्यावर संशयाने नव्हे, कौतुकाने आणि चोखंदळपणे नजर टाकणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे.